दिवा पाठीमागे होता

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी ज्या कारणाने लिहिणं थांबलं होतं, त्याच कारणाबद्दल आज लिहायचं ठरवलंय. कारण म्हणजे माझ्या डाव्या हाताचा अंगठा. तो आता बरा आहे, नातेवाइकांनी फोन करू नयेत.

प्रकरण तसं बहुतेकांच्या कानावर गेलंय, पण प्रत्येकाच्या कानावर वेगवेगळं. आमच्या चिरंजिवांकडून ऐकलं असेल तर मला पाच टाके पडले. सौ.कडून ऐकलं असेल तर 'काही नाही हो, जरासं खरचटलं'. खरे टाके दोन. पण त्या दोन टाक्यांनी मला जे शिकवलं ते पस्तीस वर्षं खडू हातात धरून मी शिकलो नव्हतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घराशेजारी एक पत्र्याची शेड आहे. घर बांधलं तेव्हा, १९८६ साली, 'पुढेमागे गाडी घेऊ' म्हणून काढलेली. त्याला कुणी गॅरेज म्हणतात. पण आपल्याकडे गॅरेज म्हटलं की काळ्या हातांचा मेकॅनिक आणि ऑइलचे डबे आठवतात, म्हणून आम्ही शेडच म्हणतो. गाडी काही आली नाही. आली ती स्कूटर, मग मुलांच्या सायकली, मग अडगळ. निवृत्त झाल्यावर मी ती अडगळ उपसली आणि तिथे सुतारकामाचं टेबल टाकलं. करवत, रंधा, पटाशा, एक ड्रिल मशीन, एक छोटा ग्राइंडर. पाट केले, चौरंग केले, नातीसाठी झुलता घोडा केला. त्यातले निम्मे पाट डुगडुगतात हे मला माहीत आहे. ज्यांच्या घरी ते आहेत त्यांनी आजवर तोंडावर सांगितलं नाही याबद्दल आभार.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळ, बाहेर पाऊस. चौरंगाच्या पायाला खाच पाडत होतो. पेन्सिलीने रेघ आखलेली होती, रेघेवर पटाशी धरली, हातोडी मारली... आणि पटाशी सरकली. नंतर पट्टी बांधलेल्या अवस्थेत मी तो पाय पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं की मी पटाशी रेघेवर धरलीच नव्हती. रेघ पाव इंच पलीकडे होती. मी ज्याला रेघ समजलो ती माझ्याच हाताच्या सावलीची कड होती.

पुढचं सगळं घराघरांत होतं तसंच झालं. चिरंजीव पुण्याहून आले. "बाबा, आता वय झालं. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. ते सगळं बंद करा." सूनबाईंनी भजनी मंडळ सुचवलं. मी हो म्हटलं. शेडला कुलूप लागलं. आणि खरं सांगतो, आठ-दहा दिवस मलाही तसंच वाटत होतं. 'वय झालं' हे असं उत्तर आहे की त्यापुढे प्रश्नच उरत नाही.

पण एका संध्याकाळी मी उगाच कुलूप काढून आत गेलो. दिवा लावला. टेबलाशी उभा राहिलो. आणि पाहतो तो काय, माझी पूर्ण सावली टेबलावर! दिवा शेडच्या मध्यभागी, टेबल भिंतीला लागून. म्हणजे मी कामाला उभा राहिलो की दिवा नेमका पाठीमागे. वीस वर्षं मी स्वतःच्या सावलीत करवत चालवत होतो.

यातली शरमेची गोष्ट पुढेच आहे. शाळेत आम्हा शिक्षकांना एक गोष्ट पाठ असते: मुलांना उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. जुन्या शाळांचे वर्ग बघा, मोठ्या खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला असतात. हे मी नव्या शिक्षकांना सांगत असे. आणि स्वतःच्या शेडमध्ये मात्र वायरमनने जिथे होल्डर ठोकला तिथे दिवा, एवढाच विचार.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कामाच्या जागी चूक झाली की आपण आधी माणसाला दोष देतो. आधी दिव्याकडे बघावं. आणि आपल्या घरांत दिवे काम बघून लावलेले नसतात, पाहुणे बघून लावलेले असतात.

वय झालंच नाही असं मी म्हणत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. वय वाढतं तशी बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळं पडतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. याचा अर्थ 'काम बंद करा' असाही काढता येतो, आणि 'तिप्पट उजेड लावा' असाही. घरच्यांनी पहिला काढला, मी दुसरा काढला.

आता पहिली चूक. मी तडक बाजारात गेलो आणि सगळ्यात मोठा दिवा मागितला. दुकानदाराने ५० वॉटचा एलईडी फोकस दिला, लग्नाच्या मांडवात लावतात तसला. लावला आणि शेड क्रिकेटच्या मैदानासारखी उजळली. पण टेबलावर काय? सावली तशीच, उलट आणखी काळी आणि धारदार. वर पाहिलं की डोळ्यांपुढे हिरवे ठिपके. माझ्या एका डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे, आणि मोतीबिंदूत उजेड विखुरतो, त्यामुळे झगझगाट तरुणांपेक्षा आम्हाला जास्त बोचतो. थोडक्यात, भरपूर उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे. हे कळायला मला साडेआठशे रुपये पडले.

मग माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री शिकवतो, आता त्याचीच निवृत्ती जवळ आली आहे. त्याने येताना लक्समीटर आणला होता. लक्स म्हणजे एक चौरस मीटर जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. आणि दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप ल्युमेन. जुन्या ९ वॉटच्या बल्बखाली, मी टेबलाशी उभा असताना, माझ्या हाताखाली आकडा आला जेमतेम १५ लक्स. मी बाजूला झाल्यावर ३०. सुताराच्या टेबलावरच्या साध्या कामाला तीनशे ते पाचशे लक्स लागतात, बारीक कामाला त्याहून जास्त. "सर," तो म्हणाला, "तुमचा अंगठा शिल्लक आहे हेच नवल."

आपली सगळ्यांची एक सवय त्याने मोडायला लावली, ती म्हणजे वॉट विचारण्याची. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो; तो किती उजेड देतो ते नव्हे. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब सातशेच्या आसपास ल्युमेन देई. आज ९ वॉटचा एलईडी त्याहून जास्त देतो. २०१५ साली 'उजाला' योजना आली तेव्हा आपण सगळ्यांनी लाइट बिल दाखवून स्वस्तात बल्ब आणले. ६० चा काढला, ९ चा लावला, बिल उतरलं, समाधान झालं. पण वाचलेल्या विजेतली थोडी कामाच्या जागेवर खर्च करावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

हिशेब सोपा आहे, पाचवीच्या मुलाला जमेल. माझी शेड दहा फूट बाय सोळा फूट, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर. एलईडीची चार फुटी पट्टी, दुकानात तिला बॅटन म्हणतात, २० वॉटची घेतली तर सुमारे दोन हजार ल्युमेन देते. अशा चार लावल्या की आठ हजार. त्यातला निम्मा उजेड भिंती, पत्रा आणि धूळ खाऊन टाकतात असं धरा. उरले चार हजार, भागिले पंधरा, म्हणजे २७० लक्सच्या आसपास. एवढा उजेड सगळ्या शेडला पुरतो. टेबलावर मात्र वेगळी दोन फुटी पट्टी हवी, आणि तीही माझ्या डोक्याच्या पुढे, भिंतीच्या बाजूला, जराशी डावीकडे. वर चार आणि समोर एक. पट्ट्या लांब असल्याने उजेड अनेक बाजूंनी येतो आणि सावली पातळ होते. फोकस एका ठिपक्यातून येतो म्हणून सावली काळी. पाच दिवे मिळून ९० वॉट. पूर्वी दोन ट्यूब चोकसकट लावल्या तर याहून थोडी जास्तच वीज जात असे.

दिव्यांच्या आधी त्याने मला पांढरा रंग आणायला लावला. भिंती आणि पत्र्याची आतली बाजू धुराने, धुळीने काळपट झाली होती. काळी भिंत उजेड गिळते, पांढरी परत देते. माझ्या मते एक डबा चुना-रंग हा या सगळ्या खटाटोपातला सर्वात स्वस्त दिवा.

यानंतर उजेडाच्या रंगाबद्दल, कारण इथे दुकानदार आपल्याला हमखास फसवतात, किंवा तेही फसलेले असतात. आपल्याकडे 'पांढरा' दिवा मागितला की ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा हातात पडतो. पिवळा मागितला तर २७०० किंवा ३०००. मधला ४००० मागितला की दुकानदार आपल्याकडे संशयाने बघतो. मी हट्टाने ४००० चे घेतले. रात्री निळसर उजेडात पांढऱ्या लाकडावरची पेन्सिलीची रेघ मला चरचरीत वाटते, आणि निळसर दिव्यांवर पावसाळ्यात किडेही जास्त येतात.

पण केल्व्हिनपेक्षा महत्त्वाचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत असतो, कधी कधी नसतोच: सीआरआय. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप, शंभरपैकी. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या द्रव्याचा थर देऊन पांढरा केलेला असतो. (निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्वस्त दिव्यात या मिश्रणात लाल रंग कमी पडतो. सुतारकामात सगळी गंमत तर लाल-तपकिरी रंगांतच! मी एकदा रात्री सागवानी पाटाला पॉलिश केलं. शेडमध्ये छान मधाळ दिसत होतं. सकाळी अंगणात नेलं तर विटकरी. सौ. म्हणाली, "रंगपंचमी झाली का याची?" तेव्हा मी पॉलिशच्या डब्याला नावं ठेवली होती. आता टेबलावरची पट्टी ९० सीआरआयची घेतली, थोडी महाग पडली. वरच्या चार साध्या, ८० च्या. सगळीकडे भारी माल लावायची गरज नाही, हातांखाली लावला म्हणजे पुरे.

तिसरी गोष्ट ऐकून मी चरकलो. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्यांना ते दिसत नाही. पण समजा लेथ मशीनचा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला २५. दोन उजळण्यांच्या मध्ये तो बरोबर पाव फेरा फिरतो. प्रत्येक वेळी एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा येऊन उभा! डोळ्याला वाटतं, चक थांबलेला आहे. आणि थांबलेल्या वस्तूला माणूस बिनधास्त हात लावतो. चोकच्या ट्यूबनाही हा दोष होताच. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडत, एक मंदावली की दुसरी उजळलेली असावी म्हणून. चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट हा हेलकावा सपाट करतं, स्वस्तातलं करत नाही.

ओळखायचं कसं? मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. किंवा त्या उजेडात पेन्सिल जोरात हलवा. अखंड धूसर पंखा दिसण्याऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो दिवा यंत्राजवळ नको. मी दुकानात उभा राहून पेन्सिल हलवली. दुकानातला मुलगा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर मला ओळखीची आहे. वर्गात मागच्या बाकावरची मुलं अशीच बघायची.

मागच्या बाकावरून आठवलं. त्याच दिवशी चहा घेताना हा विद्यार्थी सहज बोलून गेला, "सर, आपल्या वर्गात दुपारी खिडकीतून ऊन यायचं ना, तेव्हा मागून फळा नुसता चकाकायचा. अक्षर दिसायचं नाही." तो हसत हसत बोलला. मी मात्र चहा पिता पिता थांबलो. फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेतलं म्हणून मी किती मुलांना 'लक्ष कुठे आहे तुझं' म्हणून उभं केलं असेल! एकदाही मागच्या बाकावर जाऊन बसून पाहिलं नाही. चिरंजिवांनी मला 'वय झालं' म्हटलं त्याचा मला राग आला होता. मी त्या मुलांना 'लक्ष नाही' म्हणत होतो, ते काय वेगळं होतं?

असो. हे आता दुरुस्त होण्यासारखं नाही. दिवे दुरुस्त होण्यासारखे होते, ते केले.

एलईडीचं सगळंच गोड आहे असं नाही. खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असतात, पण त्याआधी बहुधा आतलं सर्किटच उष्णतेने जातं. पत्र्याला चिकटवून पट्टी लावली तर मे महिन्यात ती भाजून निघते. म्हणून आम्ही लाकडी फळी मारून पट्ट्या पत्र्यापासून वीतभर खाली घेतल्या. आणि पूर्वी ट्यूब गेली तर ट्यूब बदलायची, चोक गेला तर चोक. आता अख्खी पट्टी फेकायची, ही गोष्ट माझ्या पिढीच्या मनाला लागते. माझा विद्यार्थी सर्किट बदलून देतो, पण सगळ्यांच्या गावात असा विद्यार्थी नसतो. म्हणून पावती जपून ठेवावी आणि वॉरंटीचा आग्रह धरावा.

खर्च सांगतो, कारण खर्च ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणाला काही पटत नाही. रंग, वायर, पट्ट्या, मजुरी सगळं मिळून चार हजारांच्या आत. (फोकस वेगळा; तो आता अंगणात चिंचेखाली आहे, वाढदिवसांना उपयोगी पडतो.) याच्या कितीतरी पट पैसे आम्ही हॉलच्या छतातल्या लपवलेल्या दिव्यांवर घातले होते. तिथे बसून आम्ही काय करतो? टीव्ही बघतो. आणि टीव्ही बघताना ते दिवे बंद करतो!

शेडचं काम झाल्यावर लक्समीटरवर आकडा आला पाचशेच्या थोडा वर, मी उभा असताना. मी विजयी मुद्रेने सौ.ला बोलावलं. तिने पाहिलं, कौतुक केलं, आणि म्हणाली, "हे यंत्र जरा आत आणता?" स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली, विळीवर धरावी तशी सुरी भाजीवर धरली. दिवा स्वयंपाकघराच्या मध्यभागी, ओटा भिंतीला लागून. आकडा २२.

मी काही बोललो नाही. ती एवढंच म्हणाली, "मला वाटायचं, माझंच बोट वेंधळं आहे."

दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या फळीखाली ९० सीआरआयची पट्टी लागली. चिरंजीव दिवाळीत आले तेव्हा त्यांना आधी ओटा दाखवला, मग शेड. त्यांनी कुलूप खिशात घातलं, आणि जाताना नातीला तिथे माझ्याबरोबर कागदी होडीला लाकडी डोलकाठी करायला सोडून गेले. अजून दर रविवारी फोनवर 'सांभाळून' म्हणतात. म्हणू देत.

तुम्ही एक करा. आज संध्याकाळी घरात जिथे कुणी हाताने काम करतं, ओटा असो, शिलाई मशीन असो, मुलांचं अभ्यासाचं टेबल असो, तिथे त्या माणसाच्या जागी स्वतः उभे राहा किंवा बसा, आणि सावली कुठे पडते ते बघा. काय दिसलं ते मला जरूर कळवा. डुगडुगणाऱ्या पाटांच्या तक्रारीही आता स्वीकारल्या जातील. दुरुस्तीला पुरेसा उजेड आहे.